पोटभाडेकरू

लिंडन पर्थला गेला, त्याची टाकी माझ्या बैठकीत राहिली :
तीन फूट समुद्र, निळा दिवा, दोन पंप,
आणि फ्रिजच्या दारावर त्याच्या अक्षरातली यादी,
मीठ किती, ऊब किती, कुणाला काय खायला.
यादीत नसलेल्यांबद्दल
यादीत काही नव्हतं.

ते खडकातून आले.
जावाकडचा कुठलासा खडक, भोकाभोकांचा,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून
थेट ग्रिम्सबीला येऊन पोचलेला,
आणि एकेका भोकात कुणीतरी बूड टेकून बसलेलं.
मिशा, पाय, काटे.
आयत्या बिळांतले नागोबा सगळे,
भाड्याचं नाव नाही.

पहिल्यांदा एका अळीला हात लावला.
दिसायला गुलाबी रेशीम,
बोटांत काचेची कुसळं.
दुकानातला रॅन्सम म्हणाला, चिकटपट्टी लावून ओढ,
मग व्हिनेगर.
व्हिनेगर घरात होतंच, चिप्सवर घालतो ते.
"आणि तिला राहू दे. झाडलोट करते ती."
बरं. राहू दिली.

मग तपकिरी फुलं.
उंची करंगळीच्या नखाएवढी, ऐट ताडाची.
शेजारच्या प्रवाळाला डसायची,
ते बिचारं मिटून घ्यायचं.
एकतीस वर्षं मी गोदीवर मासे कापले.
हॅडॉक, कॉड, डोळे मिटूनसुद्धा
काटा इकडे, मांस तिकडे.
कापलं की संपतं, एवढंच माझं शास्त्र.
त्यातलं एक फूल मी कापलं.
पंधरा दिवसांनी तिथं नऊ होती.

सुरी पुसून खणात ठेवली.
लिंबू पिळलं, सुईत भरलं,
आणि एकेकीच्या तोंडात थेंब थेंब सोडला,
लहानग्या लिंडनच्या कानात औषध घालायची तसा,
श्वास रोखून, मान न हलवता.

मग एका रात्री

टक्.

वाटलं, काच गेली.
टॉवेल घेऊन धावत खाली आले.
काच धड. पाणी जागच्या जागी.
सकाळी एक गोगलगाय कमी,
वाळूत तिच्या शंखाच्या कपच्या,
कपबशी फुटल्यासारख्या.

"अंगठाफाड्या," रॅन्सम म्हणाला,
"कोळंबीच्या लांबच्या नात्यातला. हात घालू नकोस."
मी त्याला माझा डावा अंगठा दाखवला,
ब्याऐंशी साली सुरीनं शेंडा नेलेला.
"उशीर केलास सांगायला," मी म्हणाले.

त्या आठवड्यात दोन खेकडे.
पुढच्या आठवड्यात बॅरिस्टर,
लिंडनचा निळा मासा,
तोऱ्यात फिरायचा म्हणून ते नाव.
शेपूट तेवढं उरलं.

नाताळच्या चॉकलेटचा लाल कागद विजेरीला बांधून
मी स्टुलावर बसले, अकरा रात्री.
गुडघे धरले. चहा गार झाला.
बाराव्या रात्री बिळाच्या तोंडाशी दोन डोळे,
देठांवरचे,
एक माझ्याकडे,
एक माझ्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे.

खडक उचलून बादलीवर धरला,
भोकात सोड्याची पिचकारी मारली.
पडला.
बोटभर, हिरवागार,
हात छातीशी घडी करून,
जसा काही त्यानं कधी कुणाला धक्कासुद्धा दिला नाही.

फ्रीझरमध्ये मटारशेजारी जागा होती.
हंबरचं पात्र चालत दहा मिनिटांवर,
पण ते पाणी त्याला बर्फ,
आणि असे उपरे नदीत सोडायचे नसतात.
मी बराच वेळ बादली धरून उभी होते.
मग टाकीखालचं कपाट उघडलं,
जिथं गाळणी असते आणि अंधार,
तिथल्या पाण्यात त्याला ओतलं.
सकाळी हॅडॉकचा एक तुकडा.
सवयीनं काटे काढून.

रविवारी लिंडनचा फोन येतो.
पगार, ऊन, बायकोची गाडी.
मग विचारतो, बॅरिस्टर काय म्हणतो?
असेल खडकामागे, मी म्हणते.

टक्.

"कसला आवाज गं?"
पाइप, मी म्हणते.
थंडीत वाजतात इथले पाइप.
तुझ्याकडे उन्हाळा ना आता,
तुला आठवत नसेल.