शुक्रवारचं तिकीट

मार्च संपत आला की अभिराम
बुटांच्या रिकाम्या खोक्यातून वर्षभराच्या पावत्या आणतो,
दांडिया बाजारात, आमच्या सी.ए.च्या ऑफिसात,
जिन्यावरूनच ओरडत: ताई, आला बघ कचरा.

निम्म्यांची शाई उडालेली.
दिगबोईचं लॉज, जमशेदपूरची रिक्षा,
कोचीत घामाने कुजलेले सहा हातमोजे,
आणि एका चिठोऱ्यावर नुसतंच: केळी.

मी लिहीत जाते.
वीस स्पर्धा. प्रवेश फी विसांचीही,
मग तिथे काही होवो.
कॅडीला आठवड्याचे नऊ हजार.
कल्पेश वसावा, जांबुव्याचा,
दिवसभर पिशवी वाहतो आणि रात्री
त्याच खोलीत खाली गादी टाकतो,
म्हणजे भाडं एकदाच.
बक्षिसातले सात टक्केही त्याचे.
शून्याचे सात टक्के किती,
हे तो माझ्याआधी शिकला.

टोपीवर मकरपुऱ्याच्या व्हॉल्व्ह कंपनीचं नाव.
कबूल साठ हजार, हातात आले पंचवीस,
ते आईच्या मोतीबिंदूत गेले. वहीत धरत नाही.

जमा सात लाख शहाऐंशी हजार चारशे.
खर्च आठ लाख पाच हजार अठ्ठेचाळीस,
केळी धरून.

वजा अठरा हजार सहाशे अठ्ठेचाळीस, मी म्हणते.
तो हसतो. त्याच्या खेळात वजा म्हणजे वर.
वजा सातला लोक टाळ्या वाजवतात.

बाबा राजवाड्याच्या मैदानावर गवत कापायचे,
मोर जागे व्हायच्या आत.
त्यांना हे उलटं गणित शेवटपर्यंत पटलं नाही.
कमी फटके मारेल त्याला जास्त पैसे?
मग घरी बसणाराच पहिला यायला हवा, म्हणायचे,
आणि याला जुने चेंडू आणून द्यायचे
तळ्याकाठचे, खिशातून, रुमालात बांधून.

गुरुवार-शुक्रवार सगळेच खेळतात.
शुक्रवारी संध्याकाळी रेघ ओढतात.
रेघेवरचे रविवारपर्यंत राहतात,
रेघेखालचे आपलं आपलं सामान उचलतात,
दोन दिवसांच्या उन्हाचा एक रुपया नाही.
यंदा अकरा वेळा तो खाली होता.
त्यातल्या चार वेळा एका फटक्याने.
एका फटक्याची कुठलीच पावती मिळत नाही.

गेल्या वर्षी मी सहज म्हणाले,
परतीचं शुक्रवारचंच काढून ठेवत जाऊ,
तत्काळचे पैसे तरी वाचतील.
त्याने सेव-उसळीत बुडवलेला पाव
तसाच धरला, तुटून पडेपर्यंत.
म्हणजे तू धरूनच चालतेस, म्हणाला.
मी म्हणाले, आमच्यात त्याला तरतूद म्हणतात,
बुडीत खात्याची तरतूद.
बोलून गेले आणि मग
कितीतरी वेळ पाणी पीत बसले.

यंदा न सांगता दोन्ही काढली,
शुक्रवारचं, रविवारचं, दोघांची.
कल्पेशशी ठरवून ठेवलं:
एक मिस्ड कॉल, राहिलो. दोन, निघालो.
शुक्रवारी सात वाजले की मी फोन उताणा ठेवून
कणीक मळत बसायची.
पहिली रिंग वाजून थांबली
की दुसरी येईतो, किंवा न येईतो,
हात तसेच परातीत.
मग एक तिकीट रद्द. कापलेले पैसे
माझ्या पगारातून, माझ्या वहीत.
त्यातले नऊ वेळचे कापले गेले तेव्हा
दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे नेले होते,
कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

तो पानं उलटतो. खर्चाच्या रकान्यावर बोट.
तत्काळ कुठे दिसत नाही ताई यंदा?
किरकोळीत असेल, मी म्हणते.
तो आणखी काही विचारत नाही.
खिशातून एक घडी काढून टेबलावर ठेवतो,
एप्रिलच्या पहिल्या स्पर्धेची फी, भरलेली,
हे पुढच्या वर्षात घाल म्हणतो
आणि खोकं काखेत मारून जिना उतरतो.

आणि परतीचं? मी वरून विचारते.
खाली स्कूटर दोनदा खोकते.

तू दोन्ही काढतेसच ना, काढ.