दुपारी एकचे निरोप

एक वाजला की मी चष्मा चढवते
आणि डोंगरापलीकडच्या माणसांना हाका मारते :
इल्दाबाई, शिलाई मशीन दुरुस्त झालं, शुक्रवारच्या ट्रकने येतंय.
सांदोवाल बंधू, पैसे जमा नाहीत, उगाच फेरी मारू नका.
पातागोनियाच्या या टोकाला
फोन पोचत नाही तिथे माझा आवाज पोचतो.
म्हणजे, वाऱ्याच्या मनात असलं तर,
आणि कुणी बॅटरी चुलीशेजारी ऊबेला ठेवली असली तर.
प्रत्येक निरोप दोनदा. नियम आहे.

नेलीदा कायुपान आली त्या दिवशी
तिने तीन कागद चुरगाळले.
हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले.
मग एवढंच लिहून दिलं :
"फाउस्तीनोला, वरच्या गोठ्यावर.
बुधवारी पुलापाशी ये. चांगला कोट घालून ये."
अजून काही? मी विचारलं.
ती म्हणाली, सगळं खोरं ऐकतं ना हे.

वारा पडला होता. असा दिवस वर्षातून एखादा.
खरखर नाही, एक अक्षर गळालं नाही.
'कोट'वर मी जराशी थांबलेसुद्धा.
माझ्या नोकरीतलं सगळ्यांत स्वच्छ प्रसारण.

बुधवारी तो आला
(हे मला ट्रकवाल्याने सांगितलं)
घोड्याला खरारा, कोटाला ब्रश,
खोगिरावर पुढ्यात कोकरू, त्याच्या गळ्यात लाल फीत.
बहिणीचं लग्न जमलं, असं धरून
दीड दिवस उतार उतरला होता.
पुलावरूनच ओरडला, "नवरा कोण गं?"
नेलीदा काळ्या कपड्यांत.
आईला जाऊन चार दिवस झाले होते.

रात्री मी तो कागद शोधून काढला.
सात शब्द. दिव्याखाली धरून बघत बसले,
चूक कुठे सापडते का.
अक्षर सुवाच्य. उच्चार माझे बरोबर.
कोट त्या घरात एकच चांगला,
मर्तिकाला तोच, लग्नाला तोच.

मे महिन्यात, रस्ते बर्फाने बंद व्हायच्या आत,
फाउस्तीनो स्वतः केंद्रावर आला.
टोपी हातात. लिहिता येत नाही, तुम्हीच लिहा, म्हणाला.
"नेलीदाला, नदीकाठच्या घरी.
कोकरू परत आणलं. वाढतंय."
अजून काही?
तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग मान हलवली, नाही.

वारा सुटला होता, पत्रे वाजत होते.
मी दोनदा वाचलं.
मग, नियमात नसताना, तिसऱ्यांदा.