अक्षरी

कुशाबा पेंटर शिडीवरून विचारतो,
‘नावाखाली काय लिहू?’
अक्षराला चाळीस रुपये, काना-मात्रा फुकट.

अप्पांच्या पाटीवर होतं ‘प्रो.प्रा.’
पुराच्या पाण्यानं ‘प्रा.’ खरवडून नेलं,
आणि कवलापूरचा एक जण चारदा हळद घालून गेल्यावर
दबकत म्हणाला, ‘सर, कुठल्या कॉलेजात असता?’

दिवाणजींचं मत, ‘मालक’ला काय झालं?
इलाही तोलार काट्यावरची नजर न काढता बोलला,
‘अरबीतला आहे. दिवसातून पाच वेळा येतो माझ्या तोंडात.
पण त्याचा पत्ता मार्केट यार्ड, सांगली नव्हे.’

मालकीण म्हटलं की मला
भाड्याची खोली आणि पाण्याची वेळ आठवते.
शेठाणी व्हायचं
तर आधी एक शेठ आणावा लागेल घरात.

पालीचे एक निवृत्त मास्तर
दरसाल दोन किलो राजापुरी न्यायला येतात.
पिशवीचं तोंड बांधता बांधता म्हणाले,
श्रेष्ठी, मग सेट्ठी, मग शेठ;
कृष्णेबरोबर खाली उतरलात की शेट्टी.
म्हणजे, सगळ्यांत चांगला.

मला आमचा पॉलिशचा ड्रम दिसला.
खडबडीत हळकुंड आत जातं, गरगरतं,
साल, मुळ्या, माती सगळं झडतं.
जोडाक्षरं तशीच झडली असणार,
आणि त्यांच्याबरोबर
चांगलेपणाचाही थोडा भुगा.

दादू हमाल खो खो हसला.
‘सगळ्यांत चांगला?
अप्पा हमाली दिवाळीपातुर थकवायचे की वो!’
मग एकदम गप्प झाला.
अप्पांना जाऊन तीनच महिने झालेले.

दुपारी गाडी लागली.
दादूच्या पाठीवर पोतं, मान वाकलेली,
नजर फक्त फरशीवर.
तीस वर्षांच्या सवयीनं गादीच्या दिशेनं ओरडला,
‘ओ शेठ, कुठं टाकू?’

मी मागं वळून बघितलं.
मागं भिंत होती, कॅलेंडर होतं.

‘तिसऱ्या थप्पीवर,’ मी म्हणाले.

शिडीवरून कुशाबानं बोटं मोडली,
‘दोनच अक्षरं. ऐंशी रुपये.’

मी गल्ला उघडला.
वहीत बघून दादूची मागची हमाली काढली,
दोन वेळा मोजली.
नोटांना पिवळी बोटं लागली.

पाटीचं उद्या बघू.