फेरतपासणी

जालन्याच्या एमआयडीसीत रात्री सव्वादोनला ग्रेडर बंद पडतो,
तेव्हा आवाज होत नाही.
अकरा वर्षं कानात बसलेली घरघर निघून जाते फक्त,
आणि मी जागी होते, घरी, भोकरदन नाक्यापाशी.
नवरा म्हणतो, एवढ्या लांब ऐकूच येत नाही गं.
तोवर फोन माझ्या हातात असतो.

हैदराबादहून पत्र आलंय.
सात प्लांट, काचेचा मजला,
पदाचं नाव इतकं लांब
की कार्डावर दोन ओळी खाईल.
बुधवारपर्यंत कळवायचंय.

मे आहे. पत्र्याखाली पोत्यांच्या थप्प्या तापल्यात.
हिंगोलीची गाडी लागली, किनवटची लागायचीय,
वसमतचा ड्रायव्हर वजनकाट्यावरच झोपलाय.
खरात मुकादम अर्धी बिडी कानावर ठेवून विचारतो,
"म्याडम, कोन्ती आधी?"
मी बोट दाखवते.
माझ्या नोकरीचा बराचसा भाग म्हणजे हे बोट.

मुलीला शाळेच्या फॉर्मवर लिहायचं होतं, आई काय करते.
"पोती मोजतेस का?"
नाही. पोती मोजणाऱ्यांना जेवायला कधी सोडायचं
ते ठरवते.
तिनं 'नोकरी' लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

फेब्रुवारीत आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,
चार दिवस लातूरला होते.
एकही गाडी अडकली नाही.
एकही पाकीट कमी भरलं नाही.
कुणी फोनही केला नाही.
असंच व्हावं म्हणून तर अकरा वर्षं घासले मी,
आणि दवाखान्याच्या बाकावर
कुणी शिवी दिल्यासारखी बसून राहिले.

आणि मुख्तारभाई.
मागच्या हंगामात सिल्लोडला चुकीच्या टॅगची चारशे बारा पोती गेली.
संध्याकाळी सहाला लॉट मी बदलला होता,
तोंडी, चालता चालता, फोन कानाला असताना.
कागदावर बदल नव्हता. कागदावर मुख्तारभाई होते.
मेमो मी टाइप केला.
त्यांनी वाचला नाही, नुसतं म्हणाले, "पेन द्या."
बोटांना बियाण्याच्या औषधाचा गुलाबी रंग होता,
तो सहीशेजारी उमटला.
पोती परत आली. बोनस त्यांचा गेला.
मला त्याच वर्षी 'उत्कृष्ट नेतृत्व'चं चिन्ह मिळालं,
काचेचं. टीव्हीशेजारी आहे.

हैदराबादच्या मुलाखतीत विचारलं होतं,
कठीण प्रसंगी टीम कशी सांभाळलीत?
मी सिल्लोडचीच गोष्ट सांगितली.
फार छान सांगितली.

आज दुपारी लॅबमध्ये गेले, काम नसताना.
कौसल्या म्हस्के मुगाचा जुना लॉट तपासत होती.
मुदत संपली म्हणून लॉट लगेच काढून टाकत नाहीत;
मोजून दाणे घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे,
आठवडाभरानं उलगडायचे.
पुरेसे उगवले तर नवा टॅग, नवी तारीख.
चिमट्यानं ती ढीग लावत होती:
उगवलेले, वाकडे उगवलेले, कुजलेले,
आणि कडेला आठ-दहा दाणे,
कोरडे, हिरवे, ठेवले तसेच.
"हे मेलेले?"
"न्हाई म्याडम," तिनं मान वर केली नाही,
"यांनी अजून पाणीच पिलं न्हाई."

संध्याकाळी एचआरच्या कपाटातून फाइल काढली.
मेमोच्या खाली जागा होती, दोन बोटं.
'लॉटमधला बदल माझ्या तोंडी सूचनेवरून' एवढं लिहिलं,
तारीख घातली, आजची.
बोनस यानं परत येत नाही, ठाऊक आहे.
मुख्तारभाईंना सांगायला गेले
तर ते फोर्कलिफ्टवर, वर रचलेल्या पोत्यांकडे बघत.
"नंतर बोलू म्याडम, किनवटची लागलीये."

खरातला कुठून कळलं कोण जाणे.
"जाताव म्हनं हैदराबादला?"
अजून ठरलं नाही, म्हटलं.
"मंग वसमतवाल्याला उठवू का तेवढा?"

उठवा.
बुधवारला दोन दिवस आहेत.