झोळीच्या आतला दोरा

मी आणलेलं चित्र रंगीत होतं :
खांद्याला दोन पट्टे, पोटावर मोठं तोंड,
खाली बाण काढून लिहिलेलं, क्षमता दहा किलो.
धुऱ्यावरच्या बोरीला ते टाचलं
तेव्हा सगळ्याजणी छान म्हणाल्या
आणि छान म्हणून गप्प बसल्या.

काही प्रश्न, मी विचारलं.
पंचफुलाबाईंना होता एक :
"तुनं कधी वेचला काय वं कापूस?"

मग माझी शाळा भरली.
पहिला तास पऱ्हाटीचा,
या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.
बोंडाच्या वाळल्या नखांनी बोटं सोलली,
पट्टे मानेत रुतले,
दर वाकण्याला झोळी गुडघ्यांत आली.
बेबीनंदा, सातवा महिना लागलेली,
शेजारच्या तासातून हसली :
"मी हे कोठी बांधू, मॅडम?"

चित्र उतरवलं. कोरी पाठ वर केली.
आधी मातीत काडीने, मग कागदावर कोळशाने.
पट्टा कमरेवर उतरला.
तोंड दोन्हीकडून उघडलं, कारण गिरजा डावखुरी.
एक खिसा आला. कशासाठी, कोणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
तोवर एवढं शिकले होते.

"अजून मोठी करू?"
"नोको. मोठी झोळी पाहून मालक मोठं वजन मांगन.
अन् तानकाट्याचं तोंड त्याच्याकडं,
आमाले नुसती टिनाची पाठ दिसते."

माझ्या प्रश्नावलीत
काटा नव्हताच.

सोमीबाई आत्राम सकाळपासून बोलल्या नव्हत्या.
त्यांनी सुईत लाल दोरा ओवला,
झोळीच्या आत, वीतभर उंचीवर, टाका घातला :
"इथवर पाच किलो."
"दाबून का मोकळा?"
"सकाळचा का दुपारचा? सकाळी दव राह्यते, जड भरते."
भांडण चांगलं तासभर चाललं.
शेवटी दोन दोरे ठरले. सकाळचा खाली, दुपारचा वर.
किराणा दुकानाच्या काट्यावर ताडून पाहिले,
उसवले, पुन्हा घातले,
तिसऱ्यांदा मीही एक टाका घातला.
तो वाकडा गेला. राहू दिला त्यांनी.

परवा तोलताना मालक म्हणाला, साडेचार.
पाचजणी आपापल्या झोळीत वाकल्या,
नुसतं पाहिलं,
बोललं कोणीच नाही.
त्याने काटा हलवला, पुन्हा वाचला.

खिशात काय ठेवतात,
मला अजून माहीत नाही.