दर उपलब्ध नाही

वरच्या चौकटीत दिनार, खालच्या चौकटीत रुपया,
मग तारीख: कुठून, कुठवर.
बोट टेकवलं की रेघ उठते,
एखादा दिवस दाबून धरला
तर चार दशांशांपर्यंत खरं बोलते.

बाबा हे खडूनं करायचे.
कुलाब्यात, जिन्याखालच्या दुकानात,
सकाळी दहाला ओला फडका फिरवून
कालचा डॉलर पुसायचे.
घरी यायचे ते मनगटापर्यंत पांढरे.

मी नव्वद सालचा ऑगस्ट मागते.
रेघ दोन तारखेपर्यंत येते
आणि थांबते.
बारीक अक्षरांत: दर उपलब्ध नाही.
कितीतरी महिन्यांनी ती पुन्हा उगवते
पलीकडच्या काठावर,
जणू मध्ये कुणी राहतच नव्हतं.

त्या कोऱ्या जागेत
कुवेतहून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला
बशीर परकार काउंटरशी उभा आहे.
मालक म्हणतो, रद्दी आहे ही, हात लावू नकोस.
बाबा विचारतात, खेडपर्यंतचं भाडं आहे का?
आणि गल्ल्यातून नाही, स्वतःच्या खिशातून
तीनशे रुपये मोजतात
वीस दिनारांचे.

आईनं दिवाळीपर्यंत ऐकवलं.
नोट अजून आहे,
रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये,
घडीवर जरा फाटलेली.

मी पुन्हा तीच तारीख टाकते.
त्या दिवसाचा एक दर मला माहीत आहे,
पंधराला एक.
तो भरायला
इथे रकाना नाही.