एक लांब, दोन आखूड

डुलूथमध्ये, सातवीच्या इंग्रजीच्या वर्गात
मी हिवाळ्यावर निबंध मागवला
आणि अठ्ठावीस पांढऱ्या दुलया जमा झाल्या.
प्रत्येकानं आपापली दुलई
गावावर अंथरली होती, चारी कोपरे ओढून,
आणि शेवटी: म्हणून मला हिवाळा आवडतो.
पोरांची चूक नव्हती. दुलई मीच वाटली होती,
ऑक्टोबरात, फळ्यावर, 'उपमा' या मथळ्याखाली.

दुसऱ्या दिवशी मी शब्द जप्त केले.
बर्फ, पांढरा, थंडी, गारठा,
हिवाळासुद्धा.
चिठ्ठ्यांवर लिहून खोक्यात घातले,
खोकं कपाटावर.
"मग लिहायचं काय?" टॅमसिननं विचारलं.
म्हटलं, मला माहीत नाही.
शिक्षिकेनं असं म्हणायचं नसतं.
वर्ग गप्प झाला, हीटर तेवढा ठकठकत राहिला.

आर्विड कांगास मागच्या बाकावर बसतो, खिडकीशी.
वर्षभरात त्यानं मला सांगितलेली
सगळ्यात लांब गोष्ट म्हणजे त्याचं आडनाव.
त्यानं पान दिलं, वहीतून टरकावलेलं:

    आता बाबा घरी आहेत.
    बोट मार्चपर्यंत बांधलेली.
    त्यांचे बूट दारात दोन माणसांची जागा घेतात.
    न गळणारा नळ ते रोज दुरुस्त करतात.
    आई म्हणते, जरा बाहेर जाऊन या. ते म्हणतात, कुठे.
    पहाटे चारला पाळीसाठी उठतात
    आणि स्वयंपाकघरात नुसते उभे राहतात.
    आता नळ गळतो.

माझ्याकडे गुणांचा तक्ता आहे, वरून आलेला.
प्रस्तावना: नाही.
तीन मुद्दे: असतील, मोजता येत नाहीत.
समारोप: नळ.
त्या नळाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं,
दोन्ही चूक.
पाचापैकी दोन, फार तर.

लाल पेन उचललं तेव्हा ओडेट ब्रांट आठवली.
एकोणीस वर्षांपूर्वी, 'माझा आवडता प्राणी' या विषयावर
तिनं आजोबांच्या खोकल्याबद्दल लिहिलं होतं,
तो रात्री घरभर कसा हिंडतो,
कुणाच्या दाराशी जाऊन बसतो.
मी वर लिहिलं: विषयाला सोडून.
अक्षर माझं सुंदर आहे, सगळे म्हणतात.
ओडेट आता औषधांच्या दुकानात असते.
माझ्या गोळ्यांची बाटली पिशवीत घालते,
"जेवणानंतर, मॅडम," म्हणते, हसते,
आणि लेबलावर लागतो त्याहून
एक शब्द जास्त लिहीत नाही.
मी कधी विचारलं नाही.
विचारायचं तरी काय?

तक्ता भरावा लागतोच. भरला.
दोनाचे तीन केले.
एवढंच माझं धाडस, तेही पेन्सिलीनं.

या गावात बोट बंदरात शिरताना भोंगा देते:
एक लांब, दोन आखूड.
पूल वर उचलला जातो, आणि तोही तेच म्हणतो,
एक लांब, दोन आखूड.
अर्थ फारसा नाही.
दिसलास, एवढंच.

आर्विडच्या शेवटच्या ओळीशेजारी, समासात,
मी एक लांब रेघ ओढली,
मग दोन आखूड.

तास संपल्यावर त्यानं पान हातात घेतलं.
गुण वरच्या कोपऱ्यात होते, नजर तिकडे गेली नाही.
समासावर अंगठा ठेवून उभा राहिला,
वर्ग रिकामा होईपर्यंत.
मग घडी न घालता पान दप्तरात सरकवलं
आणि दाराशी पोचून, पाठमोराच, म्हणाला,
"बाबांना आता तो खरंच दुरुस्त करता येईना."
"ते लिही," मी म्हटलं.
"पाणी हा शब्द चालेल?"

मी कपाटावरच्या खोक्याकडे पाहिलं.
पाणी तर मी जप्तच केलं नव्हतं.